भिंतीवरच्या कॅलेंडरवरून आकाश वाचायचं कसं? रोहिणीपासून सत्तावीस नक्षत्रांपर्यंत

आकाश बघायची आवड लागली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : दुर्बीण कोणती घेऊ? माझं उत्तरही ठरलेलं आहे : वर्षभर तरी घेऊ नका. दुर्बिणीतून आकाशाचा इवलासा तुकडा दिसतो. तो तुकडा नेमका कुठला हे ज्याला ठाऊक नाही, त्याची दुर्बीण चार-सहा महिने चंद्राचे खड्डे दाखवते आणि मग माळ्यावर जाते. आधी नुसत्या डोळ्यांनी आकाशात वावरता आलं पाहिजे. त्यासाठी लागणारा नकाशा बहुतेक मराठी घरांत खिळ्याला टांगलेला असतोच. कालनिर्णय असो, महालक्ष्मी असो की दाते पंचांग, रोजच्या तिथीशेजारी बारीक अक्षरांत एक नक्षत्र छापलेलं असतं. चंद्र त्या दिवशी आकाशात कुठं आहे, त्याचा तो पत्ता.

आपण तो पत्ता मुहूर्तासाठी, बारशासाठी, पत्रिकेसाठी वाचतो. तोच हातात घेऊन गच्चीवर जायचं, एवढंच या लेखात आहे. भविष्याचा विषय इथं नाही.

चौकोनातलं बारीक अक्षर

चंद्र ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर पृथ्वीभोवती एक फेरी सुमारे २७.३ दिवसांत पुरी करतो. म्हणून त्याच्या वाटेचे सत्तावीस सारखे भाग केले. प्रत्येक भाग १३ अंश २० कलांचा (एका अंशाच्या साठ कला). चंद्र एका भागात साधारण एक दिवस असतो. तो कायम एकाच वेगानं चालत नाही. पृथ्वीजवळ आला की भरभर, लांब गेला की सावकाश. त्यामुळे एक नक्षत्र कधी २१ तासांत उरकतं, तर कधी २७ तास पुरतं.

कॅलेंडर वाचताना एका गोष्टीवर नीट लक्ष ठेवा. छापलेलं नक्षत्र सूर्योदयाचं असतं आणि शेजारची वेळ ते संपण्याची. समजा गुरुवारच्या चौकोनात ‘कृत्तिका १४.१०’ असं आहे. म्हणजे दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी कृत्तिका संपली. तुम्ही रात्री आठला बाहेर पडणार, तेव्हा चंद्र रोहिणीत. काही पंचांगांत मध्यरात्रीनंतरच्या वेळा २५, २६ अशा पुढं मोजतात, २५.३० म्हणजे रात्रीचा दीड. ही वेळ न बघता नुसतं नाव वाचलं तर निम्म्या वेळा तुम्ही चंद्राला चुकीच्या घरात शोधाल आणि दोष पंचांगाला द्याल.

मोजपट्टी

अंश मोजायला उपकरण नको. हात पूर्ण ताणून समोर धरा. करंगळीच्या जाडीएवढं आकाश साधारण एक अंश, मधली तीन बोटं मिळून पाच, बंद मूठ दहा, आणि अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ताणलेली वीत सुमारे वीस. लहान मुलाचा पंजा लहान, पण हातही आखूड असतो, म्हणून त्याचंही माप जवळपास तेच येतं. पूर्ण चंद्राचं बिंब अर्ध्या अंशाचं, म्हणजे करंगळीनं सहज झाकतं. पहिल्यांदा करून बघाल तर विश्वास बसणार नाही, कारण उगवता चंद्र आपल्याला परातीएवढा वाटत असतो.

एका नक्षत्राचं अंतर म्हणजे एक मूठ आणि वर दोन बोटं. आकाशात याचा तयार नमुनाही आहे : कृत्तिका आणि रोहिणी यांच्यातलं अंतर सुमारे पावणेचौदा अंश आहे. चंद्राची एका दिवसाची मजल किती, हे बघायचं असेल तर या दोघींकडं बघा.

सुरुवात मृगापासून

महाराष्ट्रात आणि गोव्यात आकाश शिकायला बसायचं ते पावसाळा सरल्यावर. डिसेंबर-जानेवारीत रात्री नऊच्या सुमारास पूर्वेकडं तोंड करून उभे राहा. मृग नक्षत्र चुकूच शकत नाही. चार तारे चार पायांचे आणि मधे एका ओळीत, अगदी जवळजवळ, तीन सारखे तारे. हा व्याधानं मारलेला बाण. यातला जो तारा आधी उगवतो तो खगोलीय विषुववृत्तावर, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात मानलेल्या रेघेवर, जवळजवळ बसलेला आहे, त्यामुळे तो बरोबर पूर्वेला उगवतो आणि बरोबर पश्चिमेला मावळतो. अनोळखी गावात रात्री दिशा हवी असेल तर मोबाइलमधल्या होकायंत्रापेक्षा यावर माझा जास्त भरवसा आहे.

हातही इथंच तपासून घ्या. मृगाचा तांबूस खांदा काक्षी आणि निळसर-पांढरा पाय राजन्य, यांच्यातलं अंतर साधारण साडेअठरा अंश आहे. तुमची वीत तिथं बसते का बघा. थोडी कमीजास्त बसली तर तेवढा फरक मनात धरून पुढं मोजायचं.

आता बाणाच्या तीन ताऱ्यांतून जाणारी रेघ दोन्ही बाजूंनी लांबवा. खाली उजवीकडं वीतभराहून थोडं पुढं गेलात की आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा, व्याध. वर डावीकडं जवळपास तेवढंच गेलात की नारिंगी रोहिणी. तिच्याभोवती बारीक ताऱ्यांचा इंग्रजी व्ही अक्षरासारखा आकार दिसतो. आपल्याकडं त्याला रोहिणीचा शकट, म्हणजे गाडा म्हणतात. गंमत अशी की गाड्यातले बहुतेक तारे एका कुटुंबातले, सुमारे दीडशे प्रकाशवर्षांवरचे. रोहिणी मात्र आपल्यापासून फक्त ६५ प्रकाशवर्षांवर आहे आणि त्यांच्यात निव्वळ दृष्टीच्या योगायोगानं बसली आहे. तशीच आणखी वर गेलात की कृत्तिकांचा पुंजका. साध्या डोळ्यांना सहा मोजता आल्या तर हवा चांगली आहे असं समजा. शहरातून नुसता धुरकट ठिपका दिसतो.

रोहिणीचा पाठलाग : गोकुळाष्टमी ते अक्षय्य तृतीया

माझ्या मते सगळ्या नक्षत्रशिक्षणाचा गाभा इथं आहे, म्हणून थोडं सावकाश.

चंद्राला रोहिणीपासून पुन्हा रोहिणीपर्यंत यायला २७.३ दिवस लागतात. पण तिथींचं चक्र, म्हणजे अमावास्येपासून अमावास्येपर्यंत, साडेएकोणतीस दिवसांचं असतं, कारण तेवढ्यात सूर्यही पुढं सरकलेला असतो आणि चंद्राला त्याला गाठायला जादा चालावं लागतं. परिणाम असा की चंद्र दर महिन्याला रोहिणीत पोचतो तो साधारण दोन-सव्वादोन तिथी आधी.

आता सण आठवा. श्रावण वद्य अष्टमी, कृष्णजन्म. नक्षत्र कोणतं? रोहिणी. वद्य अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, आणि जन्माची वेळही मध्यरात्रीचीच. पावसाळ्यामुळे तो दिसण्याची शक्यता कमी, पण तिथून मोजायला सुरुवात करा. भाद्रपदात रोहिणी वद्य पंचमी-षष्ठीला येते. आश्विनात वद्य तृतीया-चतुर्थीला, म्हणजे कोजागरीनंतरच्या संकष्टीचा चंद्र रोहिणीच्या आसपास असतो. त्या दिवशी उपास सोडायला घरातली माणसं एरवीही चंद्राची वाट बघत असतातच. तेव्हा दर्शन घेऊन झाल्यावर शेजारचा नारिंगी तारा त्यांना दाखवा. कार्तिकात वद्य प्रतिपदा. मार्गशीर्षात पौर्णिमेच्या अलीकडं, दत्तजयंतीच्या सुमारास. पौषात शुद्ध द्वादशी, माघात नवमी-दशमी, फाल्गुनात सप्तमी, चैत्रात पंचमी, आणि वैशाखात? शुद्ध तृतीया. अक्षय्य तृतीयेला रोहिणी असली की योग उत्तम म्हणतात, तो हाच.

गोकुळाष्टमी आणि अक्षय्य तृतीया हे एकाच पाठलागाचे दोन मुक्काम आहेत. सुरुवातीला चंद्र अर्धा आणि मध्यरात्री उगवणारा; मधे पूर्ण; शेवटी संध्याकाळी पश्चिमेला नुसती कोर. त्यानंतर वैशाख अमावास्येच्या आसपास चंद्र, सूर्य आणि रोहिणी एकाच दिशेला येतात आणि काहीच दिसत नाही. अधिक मासामुळे वर्षावर्षाला एखाददुसरी तिथी पुढंमागं होते, त्याचा बाऊ करू नये. प्रत्येक महिन्याची तारीख कॅलेंडरवर आधीच शोधून पेन्सिलीनं गोल करून ठेवा. ऑक्टोबर ते मे एवढे आठ गोल पुरे.

यात एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर हिरमोड होईल. चंद्राची कक्षा सूर्यमार्गाशी सुमारे पाच अंश कललेली आहे आणि हा कल १८.६ वर्षांत फिरून पूर्वपदावर येतो. त्यामुळे चंद्र रोहिणीच्या कधी अगदी अंगावरून जातो, कधी दहा अंश उत्तरेकडून. २०२५-२६च्या सुमारास तो असा मूठभर अंतर ठेवून जातो. पुढं हे अंतर कमी होत जाईल आणि २०३३ पासून काही वर्षं तो रोहिणीला दर फेरीत झाकेल. याला पिधान म्हणतात. प्रत्येक पिधान पृथ्वीच्या एखाद्याच पट्ट्यातून दिसतं, म्हणून आपल्या गावातून दिसणारं आलं तर सोडू नका : तारा हळूहळू फिका होत नाही, डोळ्यांदेखत एका क्षणात नाहीसा होतो. चंद्राला वातावरण नाही याचा इतका साधा पुरावा दुसरा नाही. तोवर २०२९ पर्यंत चंद्र कृत्तिकांच्या पुंजक्यातून जातो, आणि २०२८ पर्यंत ज्येष्ठेची पिधानं चालू आहेत.

एका संध्याकाळी चंद्र चालताना बघा

चंद्र तासाला साधारण स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो. वाचायला सोपं आहे, पण बघितलेली माणसं फार थोडी. फाल्गुन शुद्ध षष्ठीच्या आसपास, कॅलेंडरवर कृत्तिका असेल ती संध्याकाळ निवडा. चंद्र अर्ध्याला थोडा कमी असतो, त्यामुळे डोळे दिपत नाहीत, आणि तो मध्यरात्रीच्या जवळपास मावळतो म्हणून चार तास हाताशी मिळतात. वहीत नोंद अशी व्हावी :

“फाल्गुन शु. ६, रात्री ८. कॅलेंडर : कृत्तिका. प्रत्यक्ष : चंद्र कृत्तिकांच्या पश्चिमेला दोन बोटं. रोहिणी वर डावीकडं, वीतीला थोडी कमी. हवा धूसर.
रात्री ११.३०. सगळं पश्चिमेला कललं. चंद्र-कृत्तिका अंतर आता बोटभर.”

आकाश सगळं पश्चिमेला जातंय आणि चंद्र त्या गर्दीत उलटा, पूर्वेकडं सरकतोय. ही उलटी चाल एकदा दिसली की पंचांगातलं रोजचं बदलतं नक्षत्र पाठ करावं लागत नाही.

चंद्राच्या उजेडात जवळचे तारे बुडतात, म्हणून पौर्णिमेची रात्र नक्षत्र ओळखायला सर्वांत वाईट. शुद्ध तृतीयेपासून दशमीपर्यंतच्या संध्याकाळी उत्तम. तरी उजेड आड येतच असेल तर इमारतीच्या कडेला किंवा खांबाला असे उभे राहा की चंद्र नेमका त्यामागं लपेल. अंगण असेल तर नारळाचं खोडही चालतं.

नाव एकाचं, घर दुसऱ्याचं

इथवर आलात की एक अडचण येणार. कॅलेंडर म्हणतं ‘आर्द्रा’, आणि तुम्ही बघता तर चंद्र आर्द्रेचा तारा, म्हणजे मृगाचा तांबूस खांदा काक्षी, कधीच मागं टाकून पुढं गेलेला. पंचांग चुकलं का?

नाही. तारे आकाशात सारख्या अंतरावर नाहीत, घरं मात्र सारखी आखली आहेत. त्यामुळे काही तारे आपल्या नावाच्या घरात राहतात आणि काही शेजाऱ्याच्या. कृत्तिका, रोहिणी, पुनर्वसू, पुष्य, मघा, चित्रा हे स्वतःच्या घरातले. आर्द्रेचा तारा मृगाच्या विभागात पडतो. ज्येष्ठेचा तारा जेमतेम अंशाच्या फरकानं अनुराधेत. स्वातीचा तारा चित्रेच्या आणि श्रवणाचा उत्तराषाढेच्या विभागात. म्हणून तपासणी करायची ती पहिल्या सहांवर. बाकीच्यांना थोडी सूट द्यायची.

घरांची आखणी सुरू कुठून करायची, यावरही मतं आहेत. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या दिनदर्शिका सुधारणा समितीनं १९५५ साली अहवाल दिला, त्यात चित्रा ताऱ्याला वाटेच्या मध्यावर, १८० अंशांवर धरलं आहे. आपली बहुतेक पंचांगं या चित्रापक्षाची. टिळक पंचांग रेवतीच्या ताऱ्यापासून मोजतं. दोन्हींत सुमारे चार अंशांचा फरक पडतो आणि चार अंश चालायला चंद्राला सात तास लागतात. तेव्हा आजी टिळक पंचांग बघत असेल आणि तुम्ही कालनिर्णय, तर संध्याकाळचं नक्षत्र वेगळं निघू शकतं. वाद घालण्यापेक्षा बाहेर जाऊन चंद्र बघावा. तो दोघांनाही एकाच जागी दिसतो.

बाकीची नक्षत्रं, ऋतूंच्या ओघानं

सत्तावीसपैकी आठ ठिकाणी पहिल्या प्रतीचा, म्हणजे पुण्या-मुंबईच्या उजेडातूनही दिसणारा तारा आहे : रोहिणी, आर्द्रा, पुनर्वसू, मघा, चित्रा, स्वाती, ज्येष्ठा, श्रवण. आधी हे आठ पक्के करा. उरलेली त्यांच्या आधारानं मिळतात.

हिवाळ्यात मृगाच्या पूर्वेला, एकमेकांपासून तीन बोटांच्या अंतरावर दोन जवळजवळ सारखे तारे आहेत, ते पुनर्वसू. त्यांच्या आणि मघेच्या मधे पुष्य. अंधाऱ्या गावातून तिथं एक अस्पष्ट ढगासारखा पुंजका दिसतो, शहरातून काहीच नाही. पुष्याच्या दक्षिणेला आश्लेषा, पाच-सहा मंद ताऱ्यांचं कडं.

उन्हाळ्याचं आकाश मला सगळ्यांत आवडतं आणि त्याचा पुरेसा उपयोग कुणी करत नाही. एप्रिलच्या मध्यावर रात्री नऊला मघा जवळजवळ डोक्यावर असते, एका उलट्या प्रश्नचिन्हाच्या तळाशी. तिच्या पूर्वेला सिंहाच्या मागच्या अंगाचा त्रिकोण, त्यात पूर्वा फाल्गुनी आणि टोकाला उत्तरा फाल्गुनी. मग ईशान्येला सप्तर्षी शोधा. त्यांच्या शेपटीचा बाक तसाच पुढं लांबवला की नारिंगी स्वाती येते, आणि तोच बाक आणखी पुढं नेला की पांढरीशुभ्र चित्रा. बाक अजून थोडा वळवला की चार ठळक ताऱ्यांचा वाकडा चौकोन, तो हस्त.

स्वातीबद्दल एक गोष्ट मुंबईकरांनी मुद्दाम बघावी. मुंबईचा अक्षांश सुमारे १९ अंश, आणि स्वाती खगोलीय विषुववृत्ताच्या उत्तरेला जवळजवळ तेवढीच. म्हणून ती मुंबईच्या बरोबर माथ्यावरून जाते, अगदी खस्वस्तिकातून. मेच्या अखेरीस रात्री साडेदहाच्या सुमारास गच्चीवर पाठीवर आडवे व्हा आणि सरळ वर बघा. चंद्र मात्र तिच्याजवळ कधी फिरकत नाही. ती त्याच्या वाटेपासून तीस अंश लांब आहे. नक्षत्रांच्या यादीत तिला जागा मिळाली ती बहुधा तिच्या झळाळीमुळेच. श्रवणाचीही तीच गत.

विशाखा ते उत्तराषाढा हा पट्टा संध्याकाळी दिसतो तो नेमका पावसाळ्यात, म्हणजे आपल्याला दिसतच नाही. त्यावर दोन उपाय : मेच्या अखेरीस रात्री अकरानंतर आग्नेयेला बघणं, नाहीतर मार्च-एप्रिलमध्ये पहाटे उठणं. पहाट जास्त चांगली, हवा स्वच्छ असते. अनुराधेचे तीन-चार तारे ओळीत, मग लालभडक ज्येष्ठा, आणि तिथून खाली वळत जाणारी विंचवाची नांगी. नांगीत मूळ. वृश्चिकाइतकी नावाला जागणारी आकृती आकाशात दुसरी नाही. आपल्या आकाशगंगेचं केंद्र सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर याच मूळ विभागाच्या दिशेला आहे. काळोख्या रात्री दुधाळ पट्टा इथंच सर्वांत दाट दिसतो. मूळ नक्षत्रावर जन्मलेल्या मुलींची स्थळं ज्यांनी नाकारली, त्यांनी हा तुकडा एकदा तरी पाहायला हवा होता.

पाऊस संपला की ऑक्टोबरात रात्री नऊला श्रवण पश्चिमेकडं उंचावर असतो. मधे ठळक तारा आणि दोन बाजूंना दोन मंद, म्हणून श्रावणबाळाची कावड. त्याच्याजवळ धनिष्ठेचा चिमुकला चौकट. डोक्यावर भाद्रपदांचा महाचौकोन : पश्चिमेची बाजू पूर्वा, पूर्वेची बाजू उत्तरा. हा नावांचा घोळ वाटतो, पण आधी उगवते ती पूर्वा, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. पुढं मेषेत अश्विनी, आणि तिच्या व कृत्तिकांच्या मधे भरणीचा बारीक त्रिकोण. शततारका आणि रेवती शहरातून शोधू नका.

वाटेत नकाशात नसलेला एखादा ठळक, न लुकलुकणारा ‘तारा’ भेटला तर तो ग्रह. ग्रहही याच पट्ट्यातून फिरतात. तांबडा मंगळ रोहिणीजवळ किंवा ज्येष्ठेजवळ आला की नवखा माणूस हमखास फसतो. त्या महिन्याची ग्रहस्थिती कॅलेंडरच्या मागच्या पानावर सहसा असते.

मग जूनमधला मृग कोणता?

हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच. जूनच्या ७-८ तारखेला मृग लागतो, शेतकरी पेरणीच्या तयारीत असतो, आणि आपण तर मृग डिसेंबरात बघितला. दोन्ही बरोबर. पावसाची नक्षत्रं सूर्याची असतात. सूर्य मृगाच्या विभागात शिरला म्हणजे मृग लागला. आणि सूर्य जिथं असतो तिथले तारे त्याच्याबरोबरच उगवतात आणि मावळतात, म्हणून दिसत नाहीत. सूर्याला एक नक्षत्र ओलांडायला तेरा-चौदा दिवस लागतात : २५ मेच्या आसपास रोहिणी, मग मृग, २२ जूनच्या आसपास आर्द्रा, असं करत सप्टेंबरअखेरीस हस्त, ज्याच्या पावसाला आपण हत्तीचा पाऊस म्हणतो. जे नक्षत्र आज पावसाचं आहे ते सहा महिन्यांनी रात्रभर आकाशात असणार, हा हिशेब त्यातूनच निघतो. महिन्यांची नावंही तशीच : मार्गशीर्षाच्या पौर्णिमेला चंद्र मृगाजवळ, चैत्राच्या पौर्णिमेला चित्रेजवळ.

अंधार, सोबत आणि साधनं

शहराबाहेर जायला मिळालं तर अमावास्येजवळचा शनिवार पकडा. डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि मोबाइलचा पांढरा उजेड एका क्षणात ते सगळं घालवतो. विजेरीला लाल जिलेटिन कागद बांधा. नागपूरच्या बाजूला असाल तर पेंच व्याघ्र प्रकल्प गाठा. जानेवारी २०२४ मध्ये त्याला भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईत खगोल मंडळ वांगणीला रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम करतं. जाणत्या माणसाशेजारी बसून काढलेली एक रात्र खूप काही देऊन जाते, पण जायच्या आधी आठ ठळक तारे स्वतः शोधलेले असावेत. नाहीतर तिथं बोटामागून बोट फिरतं आणि सकाळपर्यंत काही उरत नाही.

स्टेलॅरियमसारखं मोफत सॉफ्टवेअर उत्तम आहे. फक्त क्रम सांभाळा : आधी कॅलेंडर वाचून अंदाज बांधायचा, मग आकाश बघायचं, वहीत लिहायचं, आणि घरी आल्यावर सॉफ्टवेअरमध्ये पडताळायचं. आकाशाकडं फोन रोखून नावं वाचत गेलात तर फोनला नक्षत्रं येतील, तुम्हाला नाही.

वर्षभरानंतर काही विकत घ्यायचंच असेल तर पहिली खरेदी दोन डोळ्यांची ७×५० किंवा १०×५० द्विनेत्री (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या मिलिमीटरांचा). तीही आधी कृत्तिकांवर लावा, मग पुष्याच्या पुंजक्यावर, मग मूळच्या आसपासच्या दुधाळ पट्ट्यावर. १०×५० हातात थरथरते, तेव्हा कोपर गच्चीच्या कठड्यावर टेकवा किंवा आरामखुर्चीच्या हातांवर. आणि वहीत सत्तावीस नावांपुढं खुणा करत असाल तर रेवतीपुढची जागा बराच काळ रिकामी राहील हे धरून चाला. तिचा योगतारा, म्हणजे नक्षत्राची खूण मानलेला मुख्य तारा, पाचव्या प्रतीचा, अगदी मंद आहे; टिळक पंचांगाचं सगळं गणित ज्याच्यापासून सुरू होतं तो तारा बघायला कार्तिकातली चंद्र नसलेली रात्र आणि दिव्यांपासून लांबचं माळरान हवं.